दिव्यामागील कचेरी

परक्याच्या वाहनाचा दिवा दिवसाउजेडी जळताना दृष्टीस पडला असता ज्याचा हात आपोआप वर उठून पाचही बोटांची उघडझाप करू लागत नाही, असा मनुष्य महाराष्ट्राच्या रस्त्यांवर सापडणे दुर्मीळ. स्वतःच्या जिन्यातील दिवा अहोरात्र जळतो आहे याची दखल ज्याने कित्येक वर्षांत घेतलेली नाही, तोच गृहस्थ समोरून येणाऱ्या सर्वस्वी अनोळखी स्कूटरस्वाराची वीज वाया जाऊ नये एवढ्यासाठी हँडलवरचा हात सोडतो, मान वळवतो, आणि परोपकाराच्या त्या क्षणी पुढच्या रिक्षावर जाऊन आदळण्याचीही तयारी ठेवतो. 'स्टँड!', 'ओढणी!', 'इंडिकेटर!' अशा ज्या आरोळ्या पुण्यात एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत कानी पडतात, त्यांत आपुलकीचा अंश किती आणि दुसऱ्याची चूक दाखविण्याचा आनंद किती, याची वाटणी करण्याच्या भरीस मी पडत नाही.

या लोकसेवेवर मोठाच आघात झाला तो १ एप्रिल २०१७ रोजी. त्या दिवसापासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिनाबरोबरच लागावा आणि तो विझविण्याचे बटणच चालकाच्या हाती राहू नये, असा नियम केंद्र सरकारने अमलात आणला. दिवसाही दिवा दिसला म्हणजे समोरच्यास दुचाकीचे अस्तित्व लवकर जाणवते, हा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु नियमाचा प्रारंभ नेमका एप्रिलच्या पहिल्या तारखेस झाल्यामुळे की काय, लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. "काका, लाइट चालू आहे!" अशी हाक यावी, काकांनी "अहो, ती बंदच होत नाही" असे नम्रपणे सांगावे, आणि हाक देणाऱ्याने अधिकच काळजीच्या स्वरात "मग शोरूमला दाखवून घ्या" असा सल्ला देऊन सिग्नल सुटताच अंतर्धान पावावे, हा संवाद त्यानंतर बराच काळ चौकाचौकांतून चालू होता.

एवढी सार्वजनिक आस्था ज्या वस्तूच्या वाट्यास आली, तिच्या पाठीमागे काय चालते याविषयी मात्र आपल्या समाजात विलक्षण औदासीन्य आहे. दिवा लागला म्हणजे लागला, आणि न लागला म्हणजे 'बल्ब उडाला', येथे आपले विद्युत्‌शास्त्र संपते. वस्तुतः न लागणाऱ्या दिव्यांपैकी पुष्कळांचा बल्ब पूर्णपणे निर्दोष असतो. वीज त्याच्या दारापर्यंत बिनबोभाट पोहोचलेली असते. अडचण असते ती तिच्या परत जाण्याची. पाठविण्याच्या बाबतीत आपण सर्व दक्ष आणि परत येण्याच्या बाबतीत सर्व बेफिकीर, हा जो आपला एकंदर स्वभाव, त्याची शिक्षा बिचाऱ्या बल्बला भोगावी लागते, आणि एक रुपयाचाही दोष नसताना तो बडतर्फ होऊन कचऱ्यात जातो.

या व्यवस्थेचे वर्णन करावयाचे तर जुन्या अमदानीतील मामलेदार कचेरीवाचून दुसरी उपमा मला सुचत नाही, आणि एकदा सुचल्यावर ती सोडवतही नाही. बॅटरी हा या कचेरीचा खजिना. त्याला सहा कोठड्या असतात, प्रत्येक कोठडीत शिसे आणि गंधकाम्ल यांच्या संगनमताने दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब निर्माण होतो, आणि सहांची बेरीज होऊन मोटारीच्या वाट्यास बारा व्होल्ट येतात. मालमोटार किंवा एस.टी.ची गाडी असेल तर असे दोन खजिने एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्टांचा बंदोबस्त केलेला असतो. इंजिन चालू असताना त्याच्याच पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर सुमारे चौदा व्होल्टांनी खजिन्यात भरणा करीत राहतो. इंजिन बंद असताना मात्र नुसता खर्च. रात्री दिवे चालू ठेवून लग्नाच्या पंगतीस गेलेल्या मंडळींना परतल्यावर गाडी ढकलावी लागते, ती या साध्या जमाखर्चामुळे.

खजिन्याच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह प्रथम फ्यूजपाशी येतो. फ्यूज हा या कचेरीतील एकमेव असा नोकर आहे की ज्याची नेमणूकच राजीनामा देण्यासाठी झालेली असते. तेथून तो बटणाकडे, म्हणजे साक्षात मामलेदारांकडे, जातो. त्यांची संमती मिळाली की बल्बच्या तारेत शिरून तिला तापवून पांढरीशुभ्र करतो, आणि एवढे सरकारी काम उरकल्यावर खजिन्याच्या ऋण टोकाकडे, दुसऱ्या दाराने, रुजू होतो. येथील शिरस्ता असा की ज्या कागदाची परत आवक होणार नाही, त्याची जावकच करावयाची नाही. अर्धी वाट चालून जाऊन मग अडून बसणे हे विजेच्या स्वभावात नाही. परतीचा दरवाजा बंद असेल तर ती घरातून पाऊलच बाहेर टाकत नाही. आपल्या दौऱ्यावर जाणाऱ्या अधिकाऱ्यांत हा गुण असता तर भत्त्याची केवढी बचत झाली असती!

आता जाण्यासाठी एक तार आणि येण्यासाठी दुसरी, असा दुहेरी सरंजाम प्रत्येक दिव्याला द्यावयाचा म्हटला तर तांब्याचा खर्च दुप्पट होणार. म्हणून मोटारीच्या जनकांनी फार पूर्वीच एक युक्ती काढली: जाण्यासाठी तार, आणि येण्यासाठी गाडीचे संपूर्ण लोखंडी शरीर. सांगाडा, पत्रा, बंपर, दाराच्या चौकटी, सगळे मिळून परतीचा एक प्रशस्त राजमार्ग. यालाच आपले कारागीर 'बॉडी' किंवा 'अर्थिंग' म्हणतात, यद्यपि त्याचा पृथ्वीशी काडीचा संबंध नसतो, कारण गाडी उभी असते रबराच्या चार चाकांवर. ऋण टोक सांगाड्याला जोडावे हा आजचा सार्वत्रिक नियम. परंतु एके काळी अनेक इंग्रजी गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, आणि अशा गाडीत नव्या पद्धतीचा रेडिओ बसवू पाहणाऱ्या हौशी मंडळींना रेडिओतून संगीताऐवजी धूर येण्याचा अनुभव येई.

ज्यांनी डायनामो लावलेली सायकल चालविली आहे, त्या पिढीला हे सारे निराळ्या शब्दांत ठाऊक आहे. टायरला घासत फिरणाऱ्या त्या बाटलीवजा यंत्रातून एकच तार दिव्याकडे जाई. परतीची वाट सायकलच्या नळ्यांतून. डायनामोच्या पकडीतला एक टोकदार स्क्रू नळीवरचा रंग खरवडून लोखंडात रुतवावा लागे, तो रुतला नाही तर कितीही पायडल मारा, उजेड नाही. चढावर पाय थकले की दिवाही मंदावे, आणि उतारावर तो इतका प्रखर होई की नेमकी गरज नसताना सर्व आसमंत उजळून निघे. बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत, त्या काळात डायनामो चालू असूनही दिवा का लागत नाही याचा खुलासा त्या स्क्रूच्या आधारे करणे फार कठीण जाई, कारण कायद्याला उजेड दिसतो, खरवडलेला रंग दिसत नाही.

मोटारीत हा प्रश्न शतपट गुंतागुंतीचा होतो, आणि येथेच या विषयातील खरी मौज आहे. मागच्या लाल दिव्यात पुष्कळदा एकच बल्ब असतो, पण त्याच्या पोटात दोन तारा असतात: पाच वॅटची एक, रात्रभर मंद तेवणारी, आणि एकवीस वॅटची दुसरी, ब्रेकवर पाय पडताच चमकणारी. दोघींचे जाण्याचे मार्ग स्वतंत्र, परतीचा दरवाजा मात्र सामाईक. पावसाळ्यात बल्बच्या घरात पाणी शिरले, गंज चढला, आणि तो सामाईक दरवाजा बंद झाला, अशी कल्पना करा. चालकाने ब्रेक दाबला. मामलेदारांचा हुकूम सुटला. प्रवाह एकवीस वॅटच्या तारेतून उतरला आणि परतीच्या दारापाशी येऊन पाहतो तो कुलूप. आता कचेरीत एखाद्या अर्जदाराला योग्य टेबलावर दाद मिळाली नाही म्हणजे तो जे करतो, तेच हा प्रवाह करतो: तो शेजारच्या टेबलाकडे वळतो. पाच वॅटच्या तारेतून तो उलट दिशेने वर चढतो, तिच्या जाण्याच्या मार्गाने मागे फिरतो, आणि ज्या ज्या दिव्यांना तो मार्ग वीज पुरवितो त्या सर्वांच्या दारी अर्ज घेऊन उभा राहतो. दुसऱ्या बाजूचा लाल दिवा, नंबरपट्टीवरचा पांढरा दिवा, पुढचे पार्किंगचे दिवे, इतकेच काय, चालकापुढील घड्याळांमागचे इवलेसे दिवेही, अशा कोणाच्या तरी परतीच्या दरवाज्यातून तो अखेर खजिन्यात पोहोचतो. वाटेत प्रत्येकाने आपापला हात मारलेला असल्यामुळे दाब विभागून जातो, सगळेच दिवे मंद आणि मलूल लागतात, आणि ब्रेक दाबला असता डॅशबोर्ड उजळतो, हा चमत्कार पाहून मालक गाडीची दृष्ट काढण्याच्या विचारास लागतो.

याहून विलक्षण अवस्था रात्रीची. रात्री पाच वॅटची तार आधीच चालू असते; तिचा प्रवाह बंद दरवाज्यामुळे एकवीस वॅटच्या तारेतून मागे फिरून दुसऱ्या बाजूच्या ब्रेकच्या दिव्यातून कसाबसा घर गाठीत असतो, आणि दिवा बरा दिसत असतो. अशा वेळी चालकाने ब्रेक दाबावा, म्हणजे दोन्ही तारांच्या वरच्या टोकांवर सारखेच बारा व्होल्ट येतात. दोन्ही टेबलांवर समान अधिकाराचे दोन अधिकारी येऊन बसले की कागद ज्याप्रमाणे जागचा हलत नाही, त्याप्रमाणे प्रवाह थिजतो, आणि असलेला दिवाही विझतो. म्हणजे गाडी थांबते आहे हे मागच्यास कळावे म्हणून जो दिवा निर्माण झाला, तो गाडी थांबताना नेमका नाहीसा होतो. सरकारी खात्यांचे वर्तन ज्यांना अतर्क्य वाटते, त्यांनी हे उदाहरण अवश्य अभ्यासावे. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही, प्रत्येक जण नियमाप्रमाणेच वागतो आहे.

या रोगाची चिकित्सा मी ज्या उस्तादांपाशी पाहिली, त्यांचे दुकान म्हणजे एका वडाच्या झाडाखालची पत्र्याची टपरी. एक सद्गृहस्थ आपल्या गाडीसाठी तीन निरनिराळ्या दुकानांतून आणलेले बल्ब एका पिशवीत घेऊन तेथे आले होते. "साहेब, बल्बला काय झालेलं नाही," उस्ताद पिशवीकडे न पाहताच म्हणाले, "बल्ब बादशहा आहे. त्याला बॉडी मिळत नाहीये." त्यांनी आपला टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे एक होल्डर, एक बल्ब, एका तारेला चिमटा आणि दुसऱ्या तारेला दाभण. या उपकरणाने जेवढी निदाने झाली असतील तेवढी मोठमोठ्या प्रयोगशाळांतून झाली असतील की नाही याची मला शंका आहे. मग त्यांनी एक उघडी तार दिव्याच्या घरापासून सांगाड्याच्या स्वच्छ बोल्टला टेकविली, आणि सगळे दिवे आपापल्या पदावर तत्काळ रुजू झाले. सद्गृहस्थांनी पिशवीतल्या बल्बांकडे अशा नजरेने पाहिले की मला त्या बल्बांची दया आली.

तथापि आपल्या उस्तादमंडळींच्या सर्वच उपायांची अशी मुक्तकंठाने स्तुती करता येणार नाही. 'डायरेक्ट करून देतो' हा त्यांचा जो सुप्रसिद्ध मंत्र आहे, त्याचा आशय असा की फ्यूज, बटण, रिले वगैरे मधल्या सर्व अधिकाऱ्यांना वगळून खजिन्यातून थेट दिव्याकडे रक्कम पाठवावयाची. काम त्वरित होते यात वाद नाही. परंतु फ्यूज हा अधिकारी अडवणूक करण्यासाठी तेथे बसविलेला नसून, कोठे तार घासली जाऊन उघडी पडली आणि प्रवाह दिव्याला वळसा घालून भलत्याच वाटेने लोटू लागला, तर स्वतः जळून बाकीच्यांस वाचविण्यासाठी बसविलेला आहे. हे न कळल्यामुळे, उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसविण्याची परंपरा आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली. चांदी राजीनामा देत नाही. मग राजीनामा देते ती तार, आणि तिच्या मागोमाग सबंध गाडी.

तारांच्या रंगांची कथा तर निराळ्याच प्रकारची. इंग्रजी परंपरेत तपकिरी तार म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, सदैव जिवंत. काळी म्हणजे परतीची. जर्मन परंपरेत तपकिरी हीच परतीची. एकाच्या पोथीतला यमदूत दुसऱ्याच्या पोथीत निरुपद्रवी कारकून! आपल्या टपरीवरील परंपरा या दोन्ही यावनी मतांहून स्वतंत्र असून, तिच्यानुसार त्या दिवशी रिळावर जो रंग शिल्लक असेल तोच योग्य रंग होय. दहा वर्षे टपऱ्यांची सेवा घेतलेल्या गाडीचा डॅशबोर्ड उघडला असता आतून जो लाल तारांचा गुंता बाहेर येतो, त्यातील कोणती तार कोठे जाते हे फक्त ज्याने ती जोडली तोच जाणतो, आणि तो बहुधा गावी गेलेला असतो.

वळण्याची सूचना देणाऱ्या दिव्यांकडे आता वळू. मोटारीला विजेचे दिवे येण्यापूर्वी कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पाडून निघणाऱ्या वायूचे दिवे असत. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीने विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर एकत्र आणले. वळण्याची खूण मात्र पुढेही बराच काळ हाताने, म्हणजे अंगभूत साधनानेच, केली जाई. नंतर मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत दारालगतच्या खांबातून एक लहानसा दिव्याचा हात बाहेर येऊ लागला: बटण दाबले की खांबातील विद्युच्चुंबक त्याला उचली. तो हात अडकला तर आत बसलेल्याने खांबावर बुक्की मारून त्यास कर्तव्याची जाणीव करून द्यावयाची, अशी रीत होती. लुकलुकणारे दिवे अमेरिकेत ब्युइक गाडीने १९३९ साली आणले, आणि हळूहळू जगभर तेच रूढ झाले.

त्या लुकलुकण्याचे रहस्य असलेली फ्लॅशर नावाची डबी मला या सबंध कचेरीत सर्वांत प्रिय आहे. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन भिन्न धातू एकमेकांस चिकटवून केलेली एक पट्टी असे. प्रवाह वाहू लागला की ती तापते, दोन धातू सारखे प्रसरण पावत नसल्यामुळे ती वाकते आणि जोड सुटतो, दिवा विझतो, पट्टी निवते, सरळ होते, जोड पुन्हा लागतो, दिवाही लागतो. रागावणे आणि शांत होणे या दोनच वृत्तींवर मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा काम करणारा हा कारकून, आणि त्याचा तो टिकटिक आवाज हीच त्याच्या हजेरीची नोंद. एक बल्ब उडाला की प्रवाह कमी होतो, पट्टी पुरेशी तापत नाही, आणि उरलेला दिवा न लुकलुकता ढिम्म जळत राहतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला उलट शिकविलेले असते: बल्ब गेला की दुप्पट वेगाने लुकलुकून तक्रार कर. आणि गाडीतली टिकटिक? नव्या गाड्यांत पट्टीही नाही आणि डबीही नाही; चालकाला चुकल्याचुकल्यासारखे वाटू नये म्हणून ती टिकटिक स्पीकरमधून वाजविली जाते.

यातून उद्भवलेला एक प्रकार तर अर्थशास्त्रज्ञांच्या विचारास्तव नमूद करावयास हवा. विजेची बचत व्हावी म्हणून हौशी मालक एकवीस वॅटच्या बल्बच्या जागी एलईडी बसवितात. तिला वीज इतकी थोडी लागते की फ्लॅशरची समजूत होते, बल्ब उडाला. आणि तो थयथयाट सुरू करतो. त्याची समजूत घालण्यासाठी दिव्याच्या शेजारी एक प्रतिरोधक बसवावा लागतो, ज्याचे एकमेव काम वाचलेली वीज जाळून तिची उष्णता करणे हे असते. बचत झाली, दाखविता आली, आणि खर्चही पूर्ववत राहिला.

या यंत्रणेचा उपयोग आपण कसा करतो, तेही पाहण्यासारखे आहे. रिक्षाचालक वळण्याची सूचना देण्यासाठी पाऊल बाहेर काढतात. ते पाऊल उजवीकडे वळण्याचे आहे की नुसते वाऱ्यासाठी आहे, हे अनुभवानेच ओळखावे लागते. महामार्गावर ट्रकचा उजवा दिवा लुकलुकला तर 'मी उजवीकडे वळतो आहे', 'तुम्ही उजवीकडून पुढे जा' आणि 'खबरदार, पुढे जाऊ नका' असे तिन्ही अर्थ संभवतात, आणि भाष्यकाराच्या अभावी निर्णय आपापल्या आयुष्याच्या जबाबदारीवर घ्यावयाचा असतो. चौकातून सरळ जावयाचे असेल तर चारही दिवे लुकलुकविणारा एक पंथ आहे. त्यांचे म्हणणे असे की डावा अधिक उजवा भागिले दोन बरोबर सरळ. वस्तुतः चारही दिव्यांचे ते बटण बंद पडलेल्या गाडीसाठी असून, किल्ली नसतानाही चालावे म्हणून त्यास खजिन्याशी थेट संबंध दिलेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पाऊस सुरू झाला की खंडाळ्याच्या आसपास शेकडो धावत्या गाड्या एकदम 'आम्ही बंद पडलो' असे जाहीर करीत नव्वदच्या वेगाने निघून जातात.

पुढच्या मोठ्या दिव्यांची गोष्ट थोडी गंभीर आहे. दोन दिवे, प्रत्येकी साठ वॅट, म्हणजे बारा व्होल्टांवर दहा अँपियर. एवढा ओघ चालकाच्या बोटाखालच्या नाजूक बटणातून नेला तर बटणाचे पॉइंट करपतात, आणि लांब तारेत वाटेतच दाब गळतो. दाब दहा टक्क्यांनी उतरला की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ते काच पुसत बसतात. म्हणून रिले: मामलेदारांनी नुसती सही करावयाची, आणि त्या अल्पशा प्रवाहाने जागा झालेला विद्युच्चुंबक खजिन्याजवळचा मोठा दरवाजा उघडणार. काही उत्साही लोक रिले न लावताच शंभर वॅटचे बल्ब बसवितात. मग दिव्याचे प्लास्टिकचे घर वितळते आणि समोरच्याचे डोळे दिपतात, असे दुहेरी पुण्य पदरी पडते.

दोन तारांच्या त्या बल्बमध्ये खालच्या झोताच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. तिच्यामुळे झोताचा वरचा भाग कापला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. एवढी सज्जनता त्या वाटीत आहे. ती वापरण्याचे बटण, म्हणजे डिपर, मात्र मनुष्याच्या हाती. जुन्या गाड्यांत ते पायाशी असे, आणि क्लचवरून सवड मिळालेला डावा पाय ते काम करी. पुढच्या दिव्यांच्या उजेडात १५५ मीटरांपर्यंतची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसावीत असे आपला मोटार वाहन नियम सांगतो. समोरून येणारा ट्रक बहुधा याच्या दसपट उदार असतो. ट्रकच्या पाठीवर मात्र रात्री डिपर वापरण्याची विनंती हॉर्नच्या विनंतीशेजारी सुबक रंगात लिहिलेली. त्यांपैकी हॉर्नच्या विनंतीवर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंदी आणली. डिपरच्या विनंतीवर बंदी आणण्याची गरज पडली नाही, कारण तिचे पालन कोणी करीतच नव्हते.

मागे जाण्याच्या पांढऱ्या दिव्याबद्दल फार लिहीत नाही. गियरपेटीवरचा एक स्विच तो लावतो, हे खरे. पण आपल्या सोसायट्यांतील रहिवाशांस तो दिवा दिसण्यापूर्वी ऐकू येतो. त्याच्याच तारेला जोडलेली एक डबी गाडी मागे जाऊ लागताच देशभक्तिपर किंवा भक्तिपर धून वाजवू लागते, आणि पहाटे साडेपाचला तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उठून बसतात, ते देवाच्या की देशाच्या नावाने हात जोडावेत या संभ्रमात.

अलीकडे ही जुनी कचेरी बरखास्त होऊन तिच्या जागी संगणक बसला आहे. बटण आता प्रवाह वाहून नेत नाही; ते केवळ विनंती करते, आणि गाडीतील संगणक एका जोडतारेवरून ती विनंती वाचून, सर्व बाबींचा साधकबाधक विचार करून, योग्य वाटल्यास दिवा लावतो. दिवा बंद असतानाही तो अधूनमधून सूक्ष्म स्पंदने पाठवून बल्ब जागेवर आहे ना याची खातरजमा करतो. हौसेने एलईडी बसविली असेल तर ती त्या चौकशीनेच मध्यरात्री किंचित उजळते. अशाच एका नव्या गाडीचा मागचा डावा दिवा गेला, तेव्हा तिच्या मालकांना एका वर्कशॉपने सबंध दिवा, त्याचा संच आणि शक्य झाल्यास तारांची जुडीही बदलण्याचा अंदाज दिला. ते अंदाजपत्रक घेऊन ते वडाखालच्या टपरीवर आले. उस्तादांकडेही आता स्कॅनर आहे. त्यांनी तो जोडला, पडद्यावर डाव्या दिव्याचे सर्किट उघडे असल्याचा शेरा उमटला, तो त्यांनी मालकांना आदराने दाखविला. मग खाली वाकून बोल्ट सैल केला, पॉलिश पेपरच्या दोन बोटे रुंद तुकड्याने पत्रा घासून लखलखीत केला, आणि बोल्ट पुन्हा आवळला. दिवा लागला. बिलात 'स्कॅनिंग' आणि 'सिस्टिम रीसेट' अशा दोन बाबी सुवाच्य अक्षरांत मांडलेल्या होत्या. पॉलिश पेपरचा उल्लेख कोठेच नव्हता. मी तसे निदर्शनास आणून दिले.

"घासायचे पैसे लावले तर गिऱ्हाईक भांडतं, साहेब," उस्ताद हात पुसत म्हणाले. "कॉम्प्युटरचे लावले तर कोण बोलत नाही."